थंडीत बाहेर उभं राहून काम, पायाची बोटं सुजून जांभळी आणि रात्री जीवघेणी खाज – चिलब्लेन्स म्हणतात ते हेच का? उपाय सांगा

खुंटी_आणि_दोरी

नमस्कार मंडळी, मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या ग्लासगोजवळ एका घरांच्या साइटवर सेटिंग आउटचं काम करतो, म्हणजे दिवसभर टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) आणि प्रिझमची काठी घेऊन खुंट्या मारत हिंडायचं नाहीतर एका जागी उभं राहून रीडिंग घ्यायचं. इथे बर्फ फार पडतो असं नाही, तापमान २ ते ७ च्या मधे कुठेतरी, पण हवा कायम ओली, रिपरिप चालू, बुटाखाली चिखल आणि डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास त्यामुळे ऊन बिन विसराच.

तर गेल्या आठवड्यापासून दोन्ही पायांची शेवटची दोन-दोन बोटं सुजलीत. रंग जांभळट काळसर, कातडी ताणल्यासारखी चकाकते, हात लावला की दुखतं. दिवसा साइटवर असताना फारसं काही कळत नाही कारण बोटं बधिरच असतात, पण संध्याकाळी घरी आलो, जेवलो, पांघरुणात शिरलो की जी आग आणि खाज सुरू होते ती काय सांगू राव, झोपच लागत नाही, पाय बाहेर काढले की थंडी वाजते आणि आत घेतले की खाज. एका बोटावर आता छोटा फोड पण दिसतोय.

साइटवरचा एक स्कॉटिश फोरमन बघून हसला आणि म्हणाला चिलब्लेन्स आहेत, माझ्या आजीला व्हायचे. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते कडकडीत गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडव, बायको म्हणते हळदीचा लेप लाव, आणि मी रोज दुपारी केबिनमधे बूट काढून पाय फॅन हीटरसमोर धरतो तेवढ्यापुरतं स्वर्गात गेल्यासारखं वाटतं. हे नक्की काय आहे, रक्त साकळून बोट वगैरे जाण्याचा प्रकार तर नाही ना? आणि काम तर सोडता येणार नाही, मार्चपर्यंत हीच हवा, तर काय करू?

शाळेची_शिट्टी

अगदी अगदी! मला लीड्सला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात झालं होतं. मी इथे प्रायमरी शाळेत दुपारच्या सुट्टीत मैदानावर मुलांवर लक्ष ठेवायचं काम करते, तासभर डांबरावर नुसतं उभं राहायचं, मुलं पळत असतात त्यांना थंडी वाजत नाही आणि आपण मात्र पुतळा. माझी बोटं तर हाताची पण झाली होती, चपाती लाटताना मूठ मिटेना. आधी वाटलं कशाची तरी ॲलर्जी, मग फार्मसीतल्या बाईंना दाखवलं तर त्यांनी बघताक्षणी सांगितलं. इथे एक बरं आहे फार्मसिस्टला फुकट विचारता येतं, जीपीची, म्हणजे आपल्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत हिवाळा संपतो.

मला सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर टोपी आणि पोटावरच्या कपड्यांनी. खोटं वाटेल पण खरंय. आधी मी पायात तीन-तीन मोजे घालायची आणि वर नुसता कुडता आणि जॅकेट. आता आत थर्मल, त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, मग जॅकेट, गळ्याला बफ, आणि मोजा एकच पण मेरिनो लोकरीचा. पाय आपोआप गरम राहतात. आणि बूट अर्धा नंबर मोठे.

मोहरीच्या तेलात लसूण तळून ते चोळायचं असं माझ्या पंजाबी शेजारीण काकूंनी सांगितलेलं. वास आवडत असेल तर चोळा बाबा, मला काही कळला नाही फरक, उलट चोळल्यावर खाज वाढली.

बुखारी_काका

अरे बाळा, घाबरू नकोस. मी फौजेतून रिटायर झालेला माणूस, साताऱ्याकडचा, श्रीनगर, द्रास, लेह सगळीकडे हिवाळे काढलेत. हे आमच्याकडे पोरांना सर्रास व्हायचं आणि गंमत अशी की वर पोस्टवर उणे वीसमधे व्हायचं कमी आणि खाली खोऱ्यात, जिथे थंडी कमी पण ओल जास्त, तिथे जास्त. वर सगळे नियम पाळायचे, कारण तिथे चुकलं की फ्रॉस्टबाइट, बोट काळं पडून जायचं. खाली आलं की ढिलाई. काश्मिरात लोकांना हे इतकं सवयीचं की त्याला शुह म्हणतात, घराघरात कुणाला ना कुणाला होतं.

आता मुद्द्याचं. तंबूत बुखारी असायची, रॉकेलवर चालणारी शेगडी. ड्यूटीवरून आलेला नवीन पोरगा पहिलं काय करणार, तर ओले बूट काढून पाय बुखारीला लावणार. आमचे डॉक्टरसाहेब त्यावरून जी काय शिवीगाळ करायचे ती इथे लिहिता येणार नाही. नियम असा होता की आधी ओले मोजे काढा, पाय कोरड्या कपड्याने टिपा (चोळायचे नाहीत, टिपायचे), कोरडे मोजे घाला, मग लांब बसा, चहा प्या, आणि अंग गरम झालं की पाय आपोआप गरम होतात. तुझा तो फॅन हीटर म्हणजे तुझी बुखारी आहे. तो आजपासून बंद.

दुसरं, जोडीदाराने जोडीदाराचे पाय रोज बघायचे हा पण नियम होता. लाज वाटायची पहिल्यांदा. पण स्वतःच्या बधिर पायाला काय झालंय ते स्वतःला कळत नाही. तू एकटा असशील तर झोपायच्या आधी उजेडात नीट बघत जा, बोटांच्या मधे, तळव्याला.

आणि तुझ्या खिशात सिगरेट असेल तर ती पण बंद.

त्वचा_आणि_चहा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पुण्यात शिकले, आता एडिंबराला काम करते. इथे बसून निदान करणार नाही पण तुम्ही जे लिहिलंय ते चिलब्लेन्सच्या (आम्ही पर्निओ म्हणतो) वर्णनात चपखल बसतं, म्हणजे ओली थंडी, बोटांच्या टोकांना सूज, काही तासांनी सुरू होणारी खाज आणि आग, ऊब मिळाली की वाढणारी. शून्य ते १५ अंश आणि दमट हवा ही याची आवडती जागा. बुखारी काकांनी सांगितलेलं खोऱ्यातलं निरीक्षण अगदी बरोबर आहे, कातडी गोठायची गरजच नसते यात.

होतं काय, तर थंडीत शरीर पोटातली ऊब वाचवायला बोटांकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकतं. काही लोकांमधे हे आवळणं जरा जास्तच होतं. मग तुम्ही एकदम हीटरसमोर पाय धरता तेव्हा रक्त आणणाऱ्या वाहिन्या पटकन उघडतात पण रक्त परत नेणाऱ्या अजून आवळलेल्याच असतात. घाटात वरून गाड्या सोडल्या आणि खालचा टोलनाका बंद, तसं. रक्तातलं पाणी आजूबाजूला झिरपतं, सूज येते, आणि तिथे दाह सुरू होतो. म्हणून आईंना सांगा कडकडीत पाणी नको, आणि हीटर, रेडिएटर, हेअर ड्रायर काहीच नको. शिवाय बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही हे वेगळंच. पाणी घ्यायचंच असेल तर कोमट, कोपर बुडवून सुखद वाटेल इतपत, आणि नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते. इंटरनेटवर फोटो शोधाल तर गोऱ्या पायांवरचे लालभडक डाग दिसतील आणि तुम्ही म्हणाल आपलं तसं नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, जांभळट, तपकिरी किंवा नुसता काळसर रंग दिसतो. बरं झाल्यावर काळा डाग काही महिने राहू शकतो, तो बघून आजार गेला नाही असं समजू नका. हात लावून बघा, सूज आणि दुखणं गेलं असेल तर गेला.

बोट जाईल का? साध्या चिलब्लेन्समधे नाही. पुन्हा पुन्हा थंडी लागली नाही तर बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरे होतात. अडचण तुमच्यासारख्यांची अशी की रोज सकाळी परत त्याच थंडीत उभं राहायचं, त्यामुळे एक बरा होईपर्यंत दुसरा तयार. म्हणून मलमापेक्षा बूट-मोज्यांवर जास्त डोकं लावा.

खाजेसाठी: नख लावू नका, कातडी फाटली की जंतू शिरतात. कॅलामाइन लोशन किंवा साधं जाडसर मॉइश्चरायझर, लॅनोलिनवालं चालतं, हलक्या हाताने. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. फोड फोडू नका, फुटलाच तर स्वच्छ करून साधं कोरडं ड्रेसिंग. हळद-लेप फुटलेल्या कातडीवर नको, बाकी ठिकाणी लावून अपाय होईल असं नाही पण खाज थांबेल असंही नाही. स्टिरॉइड क्रीम लोक सर्रास लावतात, त्याचा यात उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, त्यामुळे भारतातून मागवलेली ती प्रसिद्ध तिहेरी मिश्रणाची (स्टिरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र) ट्यूब कृपा करून लावू नका. त्या ट्यूबांनी आमच्या धंद्याला बरकत आणलीय, पेशंटला नाही.

रात्रीचं गणित: अंथरूण आधीच गरम करून ठेवा, म्हणजे गरम पाण्याची पिशवी पायाकडे ठेवायची आणि झोपताना काढून टाकायची. सैल सुती मोजे घाला. थंडगार पायांनी गरम पांघरुणात शिरणं हेच खाजेला आमंत्रण असतं, म्हणून झोपायच्या तासभर आधीपासून घरात मोजे आणि जाड स्लिपर घालून पाय हळूहळू उबेला आणा.

डॉक्टरकडे कधी जायचं ते पण सांगते. पू, ताप, लाली वर चढत चालली असेल तर लगेच. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, दरवर्षी होत असेल, मार्च-एप्रिल संपला तरी जात नसेल तरी जा. डायबिटीस असेल तर वाट बघूच नका, पायाची कुठलीही जखम दाखवायची. सांधे दुखतात, तोंड येतं, उन्हाने चेहऱ्यावर पुरळ येतं असं काही जोडीला असेल तर ते आवर्जून सांगा कारण कधीकधी मागे ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असतो आणि त्यासाठी रक्त तपासावं लागतं. वारंवार होणाऱ्यांना निफेडिपिन नावाची रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी देतात, ती मूळ बीपीची आहे, डोकं दुखणं, घोट्यांवर सूज, चक्कर असे त्रास होऊ शकतात, म्हणून मनाने घ्यायची नाही.

आणि हो, तुम्ही ब्लड प्रेशरला बीटा ब्लॉकर घेत असाल तर त्यानेही हातपाय थंड पडतात. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरला विचारा.

खुंटी_आणि_दोरी

बापरे, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं, थँक्यू डॉक्टर आणि काका आणि ताई. हीटर आजच बंद केला, केबिनमधले बाकीचे खूश झाले कारण माझ्या मोज्यांचा वास जायला लागला.

बीपी, शुगर काही नाही, वय ३१, काडी पहिलवान आहे पण कोल्हापुरी नाव बदनाम करणारा. सिगरेट ओढत होतो, काकांनी कसं ओळखलं देव जाणे.

आता दोन प्रश्न. एक, माझे सेफ्टी बूट स्टीलच्या टोकाचे आहेत आणि त्यात दोन मोजे घातले की बोटं हलतच नाहीत, पण बिनस्टीलचे बूट साइटवर चालणार नाहीत. दोन, हातांचं काय? टॅबलेटवर पॉइंट टाकायला ग्लोव्ह काढावाच लागतो, दिवसातून शंभर वेळा काढघाल, अजून हाताला काही झालं नाहीये पण आता भीती वाटायला लागलीय.

पिवळं_हेल्मेट

मी बर्मिंगहॅमला बांधकामावर सेफ्टीचं काम बघतो, मूळ डोंबिवली. हा माझा प्रांत.

बूट: स्टीलच टोक लागतं हा गैरसमज आहे. नियम टोकाच्या ताकदीचा आहे, २०० ज्यूलचा धक्का सहन झाला पाहिजे, मग ते स्टील असो की कॉम्पोझिट. कॉम्पोझिट म्हणजे फायबर-प्लास्टिकचं टोक, ते स्टीलसारखं थंडी आत ओढत नाही. तीच गोष्ट तळाच्या पत्र्याची, खिळा घुसू नये म्हणून आत प्लेट असते ती पण कापडी मिळते. विकत घेताना आयएसओ २०३४५ च्या शिक्क्याशेजारची अक्षरं वाचा. सीआय असेल तर तळ थंडीपासून इन्सुलेट केलेला, डब्ल्यूआर असेल तर पूर्ण बूट पाण्याला दाद न देणारा. दुकानदार ही अक्षरं समजावून सांगणार नाही, तो फक्त म्हणेल हे खूप विकले जातात. आणि संध्याकाळी जाऊन घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, हिवाळ्याचा जाड मोजा सोबत न्या, बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे म्हणजे रक्त पण अडलं आणि मोज्यातली हवा पण दाबली गेली, ऊब तर त्या हवेतच असते.

दोन जोड असतील तर उत्तम, एक दिवसाआड घाला. ओला बूट रात्रीत वाळत नाही, वरून वाळलेला दिसतो, आत हात घालून बघा. आतला सोल काढून वेगळा ठेवायचा, आत रद्दी पेपर कोंबायचा, दोन तासांनी पेपर बदलायचा. हीटरवर ठेवला तर चामडं तडकतं आणि मग पुढचा पाऊस थेट मोज्यात.

मोजे: दुपारी जेवताना बदला. एवढी एकच गोष्ट ऐका वाटलं तर. तू सकाळी खुंट्या मारत फिरतोस तेव्हा पायाला घाम येतो, मग रीडिंगला उभा राहतोस तेव्हा तोच घाम गार पडतो. डब्यासोबत कोरड्या मोज्यांची जोडी झिपच्या पिशवीत. शंभर टक्के सुती मोजे साइटवर नकोत, भिजले की भिजलेलेच राहतात, लोकर किंवा लोकर मिसळलेले घे.

उभं राहायची जागा: ओल्या काँक्रीटवर किंवा चिखलात थेट उभा राहू नकोस. घरांची साइट आहे म्हणजे भिंतीत घालायच्या इन्सुलेशन बोर्डाचे तुकडे कचऱ्यात ढिगाने पडलेले असणार. त्यातला एक पायाएवढा चौकोन, खाली प्लायचा तुकडा, झालं. फुकटात. फक्त वाऱ्याने उडून कुणाच्या डोक्यात जाणार नाही एवढं बघ आणि घसरणार नाही असा ठेव. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उतरून चार चकरा मार, टाचा वर-खाली कर. काम थांबतं वगैरे काही नाही, हात थरथरत घेतलेलं रीडिंग परत घ्यावंच लागतं.

डोकं: हेल्मेटखाली जाड लोकरी टोपी घालू नकोस, हेल्मेट नीट बसत नाही. हेल्मेटचाच पातळ लायनर मिळतो, कान झाकणारा, तो माग.

आणि आता कायद्याचं. या देशात बाहेरच्या कामाला किमान तापमानाचा आकडा नाही, आत बसणाऱ्यांसाठी १६ अंश सुचवलेत आणि अंगमेहनतीच्या कामाला १३, तुझ्यामाझ्यासाठी काही नाही. पण २०१५ च्या सीडीएम नियमात (बांधकामाच्या साइटसाठीचे सुरक्षेचे नियम) साइटवर विश्रांतीची जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय पाहिजे असं स्पष्ट आहे. ड्रायिंग रूममधे सिमेंटच्या गोण्या ठेवलेल्या मी किती ठिकाणी पाहिल्यात. तोंडी न सांगता मेल टाक. आणि सेफ्टीसाठी लागणाऱ्या गोष्टींचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत हे १९७४ च्या कायद्यापासून आहे, त्यामुळे बूट हातमोज्यांसाठी आधी मालकाला विचार मग खिशात हात घाल.

द्राक्षबाग_निफाड

वाचतोय सगळं. आमच्याकडे ग्लासगो नाही पण जानेवारीत निफाडचा पारा चार-पाचवर येतो, पेपरात फोटो येतात पानांवरच्या दवाचे, लोकांना मजा वाटते. बागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, मणी तडकायला नको म्हणून. आणि गव्हाला पाणी भरायचं तर लाइट रात्रीची, मग रात्री दोनला गुडघ्यापर्यंत पॅन्ट दुमडून थंड पाण्यात अनवाणी. सकाळी शेकोटीला पाय लावून बसतो आम्ही सगळे. बोटांना खाज येते, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सोलते, आणि टाचांना भेगा तर विचारूच नका, रक्त येतं. हे पण तेच का? मेडिकलवाला दरवेळी तीच एक ट्यूब देतो.

त्वचा_आणि_चहा

दादा, तुमच्या पायात बहुतेक दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बेचक्यात कातडी पांढरी, ओलसर, सोलणारी आणि वास येणारी म्हणजे चिखल्या, ते सतत ओल्यात राहिल्याने आणि बुरशीने होतं, त्याला बुरशीचं मलम लागतं आणि ते बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण लावावं लागतं. चिलब्लेन बेचक्यात नाही, बोटाच्या वरच्या बाजूला किंवा टोकाला येतो, गाठीसारखा सुजलेला जांभळट, आणि थंडी लागल्यावर काही तासांनी. टाचेच्या भेगा म्हणजे कोरडेपणा, रात्री पाय कोमट पाण्यात धुवून टिपून लगेच व्हॅसलीन आणि वर सुती मोजे. भेगांचं व्हॅसलीन बेचक्यात मात्र नको, तिथे कोरडंच ठेवायचं.

मेडिकलवाला कोणती ट्यूब देतो तिच्यावरची नावं वाचा, क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासॉन दिसलं तर ती स्टिरॉइडची आहे, बुरशीवर लावली की तात्पुरती खाज जाते आणि बुरशी खालून पसरते.

रात्री पाणी भरायला गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि आत लोकरी मोजे घालाच. साप-विंचवाची पण भीती असतेच की रात्री. गमबुटात घाम साठतो म्हणून घरी आल्यावर उलटे टांगून वाळवा. शेकोटीपासून लांब बसा. काश्मिरात कांगडी कपड्यांच्या आत पोटाशी, मांडीशी वर्षानुवर्षं धरल्याने तिथल्या कातडीवर आधी जाळीदार काळे डाग आणि काहींना पुढे कॅन्सरसुद्धा होतो, ही जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. तुमचं तेवढं होणार नाही, पण रोज त्याच नडगीला धग देऊ नका.

साखर तपासलीय का कधी? चाळीशी ओलांडली असेल तर तपासून घ्या. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर नक्कीच.

बुखारी_काका

निफाडकर, लाइट रात्रीची हे दुखणं डॉक्टरांच्या हातात नाही, ते मुंबईत बसलेल्यांच्या हातात आहे, असो.

एक राहिलं, दारूचं. फौजेत रम मिळायची हे सगळ्यांना माहीत, आणि लोकांना वाटतं थंडीचं औषध आहे. प्यायल्यावर गरम वाटतं कारण कातडीकडे रक्त धावतं, म्हणजे पोटातली ऊब बाहेर फेकली जाते. म्हणून ड्यूटीच्या आधी थेंब नाही, ड्यूटी संपून, जेवण करून, झोपायच्या बेतात असलो तरच. जेवण मात्र भरपूर. उपाशी माणसाला थंडी दुप्पट लागते. तू काडी पहिलवान आहेस म्हणतोस तर सकाळी नुसत्या चहा-बिस्किटावर साइटवर जात जाऊ नकोस, पोहे, अंडी, शेंगदाण्याचे लाडू काहीतरी कोंबून जा.

शाळेची_शिट्टी

लाडूला +१. आणि कुणीतरी त्या हातात धरायच्या गरम पुड्यांबद्दल लिहा ना, मी मैदानावर खिशात ठेवते, पण बुटात घातली तर गरमच होत नाही, फसवतात का?

पिवळं_हेल्मेट

फसवत नाहीत ताई, त्यात लोखंडाची पूड असते आणि ती हवा लागली की गंजते, त्या गंजण्यातून उष्णता निघते. बंद बुटात हवा नाही म्हणून थंड. पायासाठी वेगळ्या चपट्या मिळतात त्या कमी हवेत चालतात. कुठलीही असो थेट कातडीला नको, मोज्याच्या वरून लावायची, आणि सुजलेल्या बोटावर तर नाहीच. बाहेर पडायच्या आधी लावायची, पाय गारठल्यावर नाही, तेच डॉक्टरांनी हीटरचं सांगितलं ते. बॅटरीवाल्या मोज्यांनाही हाच नियम, सुरुवातीपासून कमीत कमी सेटिंगवर.

आता खुंटीवाल्याच्या हातांचं राहिलं होतं. टॅबलेटसाठी स्टायलस (स्क्रीनवर टेकवायचं पेन) घे, दोरीने टॅबलेटला बांध, म्हणजे ग्लोव्ह न काढता काम होतं. काही टॅबलेटमधे सेटिंगमधे ग्लोव्ह मोड असतो तो चालू करून बघ. आत पातळ मेरिनोचे लायनर ग्लोव्ह आणि वर साइटचे एक नंबर मोठे, म्हणजे वरचे काढले तरी हात उघडा पडत नाही. लायनरच्या दोन जोड्या, एक ओली झाली की खिशात. प्रिझमची काठी ॲल्युमिनियमची असेल तर जिथे धरतोस तिथे सायकलच्या हँडलची फोमची टेप गुंडाळ, उघड्या धातूला दिवसभर धरून बसलास तर कुठलाही ग्लोव्ह पुरणार नाही. गुंडाळताना काठीवरचे उंचीचे आकडे झाकू नकोस म्हणजे झालं.

हात गार पडलेच तर हात सरळ ठेवून खांद्यातून मोठे गोल फिरव, दहा-पंधरा वेळा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जातं. फोरमन हसेल परत.

खुंटी_आणि_दोरी

हसू दे. आज इन्सुलेशनच्या तुकड्यावर उभा होतो तर तोच फोरमन येऊन विचारून गेला की अजून एक तुकडा आहे का.

बुटांसाठी मेल टाकलाय, ड्रायिंग रूममधे खरंच टाइल्सचे खोके आहेत त्याचा फोटो पण जोडला. मोजे दुपारी बदलतोय, सिगरेटचं बघू, निदान साइटवर बंद. फोड फुटला नाहीये, खाज थोडी कमी, रात्री तासभर आधी मोजे घालून बसायचं ते जमतंय. डॉक्टर, एक शेवटचं, उजव्या हाताची दोन बोटं काल सकाळी पंधरा-वीस मिनिटं एकदम पांढरीफटक पडली, रेष मारल्यासारखी, मग निळसर, मग लाल होऊन नॉर्मल. दुखलं नाही. हे चिलब्लेनच का?

त्वचा_आणि_चहा

नाही, ते वेगळं, रेनॉ म्हणतात त्याला. चिलब्लेन दिवसेंदिवस राहतो, हे मिनिटांत येतं-जातं आणि रंगाची सीमारेषा स्पष्ट असते. ज्यांना हे होतं त्यांना चिलब्लेन्स व्हायची शक्यता जास्त, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसणं नवल नाही. बऱ्याच जणांत निरुपद्रवी असतं, पण तुम्ही बांधकामावर आहात म्हणून विचारते, ब्रेकर, ड्रिल, कॉम्पॅक्टर असं थरथरणारं काही हातात घेता का? त्यानेही बोटं अशीच पांढरी पडतात आणि ते लवकर पकडावं लागतं. पुढच्या वेळी पांढरी पडली की लगेच फोनवर फोटो काढा आणि जीपीला दाखवा, दवाखान्यात गेल्यावर बोटं कधीच पांढरी नसतात.

खुंटी_आणि_दोरी

खुंट्यांसाठी कधीकधी काँक्रीटमधे ड्रिल मारावं लागतं, आठवड्यातून एखाद-दोनदा. ठीक आहे, जीपीकडे नाव लावतो आणि तोपर्यंत ड्रिल दुसऱ्याला देतो.

पिवळं_हेल्मेट

नुसता देऊ नकोस, बोटांबद्दल पण मेलमधे लिही. थरथरणाऱ्या अवजारांचा रोजचा वापर किती वेळ हे मोजायची जबाबदारी मालकाची आहे, आणि बोटं पांढरी पडतात असं कामगाराने कळवलं की ऑक्युपेशनल हेल्थकडे पाठवावं लागतं. त्याच मेलखाली टाक, टाइल्सच्या फोटोच्या खाली.